तोवरची कामं

रत्नाकर अमोलिक जन्माला यायच्या आधीच देवाला देऊन टाकलेला होता. नगरकडच्या एका खेड्यात त्याचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. आधीची बाळं जगली नव्हती, म्हणून आईनं, कस्तुराबाईनं, प्रार्थनेतच सांगून टाकलं, "हे जगू दे, ह्याला मी तुझा पाळक करीन." ख्रिस्ती बाईनं असा नवस बोलू नये, हे तिला तिथल्या चर्चच्या पाळकांनी नंतर समजावून सांगितलं. पण तेव्हा बोलणं होऊन गेलं होतं आणि पोरगा पाळण्यात टाहो फोडत होता. देवाशी परस्पर ठरलेली गोष्ट मधल्या माणसाच्या सांगण्यावरून मोडायची, हे कस्तुराबाईला पटण्यातलं नव्हतं. तिला सहसा दुसऱ्याचं काहीच पटत नसे.

आता अडचण अशी, की त्यांच्या चर्चच्या मंडळीत पाळक व्हायला नुसतं शिक्षण पुरत नसे. पाचारण झालेलं असावं लागे. म्हणजे देवानं खुद्द हाक मारलेली असावी लागे, आणि ती कुठं, कशी ऐकू आली हे वडीलधाऱ्यांपुढे साक्ष म्हणून सांगता यावं लागे. कस्तुराबाईची स्वतःची साक्ष त्या भागात गाजलेली होती. मास्तर अकाली गेले आणि ती बायबलबाई झाली, खेडोपाडी पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवू लागली. त्याच्या आधी एका पहाटे विहिरीवर पाणी शेंदताना तिला "कस्तुरा, कस्तुरा" असा आवाज आला होता. वर्षाच्या मेळाव्यात ती हे सांगू लागली की बायका पदर डोळ्यांना लावत, आणि दरवर्षी नेमक्या त्याच वाक्याला लावत. रत्नाकर आईच्या मांडीला मांडी लावून हे ऐकत मोठा झाला. आपल्यालाही एक दिवस कोणीतरी नावानं हाक मारणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. तो कान लावून बसला.

हाक काही येईना. मग तोवर हाताला काहीतरी हवं म्हणून तो मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकला. तोवर म्हणून दवाखान्यात कंपाउंडर झाला, पुड्या बांधल्या, मलमं घोटली, जखमा धुतल्या. लढाई भरात आली तेव्हा तोवर म्हणून लष्करात अँब्युलन्स चालवायला गेला. लष्करानं त्याला बंगलोरला आणून टाकलं आणि लढाई संपल्यावर तिथंच मोकळं सोडलं, तेव्हा विमानांच्या कारखान्यात पत्रेकामाला लागला. तेही तोवरच. लग्न केलं ते मात्र कायमचं. प्रतिमा कोल्हापूरकडची, कॅन्टोन्मेंटातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. तिला कारखान्याचं क्वार्टर आवडे, मागच्या अंगणातलं शेवग्याचं झाड आवडे, आणि नवऱ्याचं हे कान लावून बसणं मुळीच आवडत नसे. कारखान्यात पुण्याचा उमाकांत म्हणून एक सुपरवायझर होता, तो डबा खाताना चिडवायचा, "अमोलिक, अहो या शहरात आता टेलिफोनसुद्धा बनायला लागले, आणि तुमच्या देवाचा तुम्हाला अजून फोन नाही?" रत्नाकर हसायचा. पण हसताना त्याला आतून कुठंतरी लागायचं.

गाडीचं प्रकरणही तोवरच म्हणून सुरू झालं. केरळातल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, अन्नम्मा त्यांचं नाव. मिशनच्या एका छोट्या दवाखान्याची लष्करातून मोडीत निघालेली अँब्युलन्स घेऊन त्या होसूर रस्त्यावरच्या खेड्यांत औषधपाण्याला जात. एका रविवारी गाडी रस्त्यात रुसून बसली. रत्नाकर सायकलवरून चालला होता, त्यानं बॉनेट उघडलं, आणि ती गाडी पाहून त्याला चक्क माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो गाडी हाकायचा, पुड्या बांधायचा, मोडक्या कुबड्यांना लाकडाचे तुकडे ठोकायचा, आणि दुपारी परत यायचा. मराठी मंडळीची उपासना चार वाजता असे, कारण चर्च कानडी मंडळीचं, आणि सकाळ त्यांची. रत्नाकर हातांना रॉकेलचा वास घेऊनच प्रार्थनेला बसायचा.

बोम्मसंद्रा हे त्या फेरीतलं शेवटचं गाव. तिथं अनुसूयाअक्का नावाची एक म्हातारी होती. तिचं घराणं शहाजीराजांच्या वेळेला इकडं आलेलं, आणि तिच्या मराठीत निम्मं कानडी मुरलेलं. रत्नाकर मराठी बोलतो हे कळल्यावर तिनं त्याला जवळजवळ दत्तकच घेतलं. "तुझं मराठी चांगलं की रे अण्णा, पण स्वल्प वाकडं बोलतोस," असं ती त्यालाच ऐकवायची. तिची नात कावेरी गाडीच्या पायरीवर बसून रिकाम्या बाटल्या मांडायची.

असं चाललं असतं तर चालत राहिलं असतं. पण १९५८ साल उजाडलं. पाळकाच्या शिक्षणाला पस्तिशीची अट होती, आणि रत्नाकर त्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. इकडं कस्तुराबाई आता मुलाजवळच राहायला आली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडून तिला नुसत्या सावल्या दिसत. रोज सकाळी चहाची बशी हातात घेऊन ती एकच प्रश्न विचारी.

"आला का रं आवाज?"

"नाही आई."

"मी काय आता लई दिवस नाही. तुला पाळकाच्या झग्यात बघायचंय. दिसायचं नाही म्हणा, पर हात लावून बघंन."

दुसरं काही बोलली असती, रागावली असती, तर बरं झालं असतं. ते हात लावून बघणं रत्नाकरच्या जिव्हारी लागलं. त्यानं मंडळीचे पाळक विद्याधर देठे यांना जाऊन सांगितलं, "मला साक्ष द्यायची आहे."

शनिवारी कमिटी बसली. देठे पाळक आणि मंडळीतले दोन वडीलधारे, तिघंही त्याला वर्षानुवर्षं ओळखणारे. चर्चची पायपेटी बिघडली की त्यालाच बोलावणारे. देठ्यांनी प्रेमानं विचारलं, "रत्नाकरराव, सांगा. पाचारण कसं झालं?"

रत्नाकरनं समोरच्या तिघांकडे पाहिलं. आणि मग त्यानं आईची विहीर उचलली आणि कारखान्यात नेऊन ठेवली. पत्र्यावर हातोडे पडत होते, म्हणाला, कान किटले होते, आणि मधेच सगळं शांत झालं. कोणीतरी "रत्नाकर, रत्नाकर" म्हणालं. मागं वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. बोलताना त्याला आश्चर्य वाटत होतं ते एवढंच, की हे किती सोपं आहे. आईचं वाक्य नि वाक्य त्याला पाठ होतं, कुठं थांबायचं तेसुद्धा. तो तिथं थांबला. देठ्यांनी चष्मा काढून पुसला.

निवड झाली. पुढच्या रविवारी चार वाजता समर्पणाची उपासना ठरली. मंडळीसमोर गुडघे टेकायचे, साक्ष पुन्हा सांगायची, आईनं डोक्यावर हात ठेवायचा, आणि पुढच्या महिन्यात कारखाना सोडून शिकायला जायचं.

कस्तुराबाईनं त्या दिवशी शेजारपाजारच्या झाडून साऱ्या बायकांना ही बातमी सांगितली. त्यातल्या निम्म्या तमिळ होत्या, त्यांना काही कळलं नाही, पण म्हातारी आनंदात आहे एवढं कळलं. प्रतिमा मात्र आत स्वयंपाकात राहिली. संध्याकाळी अंगणात कपडे काढताना ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "एवढा मोठा आवाज आला, आणि तुम्ही मला सांगितला नाहीत?"

रत्नाकर दोरीवरचा एक सदरा काढून त्याची घडी घालू लागला.

"कधी आला?"

त्यानं सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घातली. प्रतिमानं कपड्यांची चळत छातीशी धरली. "बरं," ती म्हणाली. "आईंना हे कळू देऊ नका. आणि मला कधी खोटं बोलायला लावू नका." मग आत गेली. त्या आठवड्यात तिनं त्याला जेवायला वाढलं, पाणी दिलं, पण त्याच्या डोळ्यांत काही पाहिलं नाही. घरात आई भजनं गुणगुणते आहे, बायको मूग गिळून बसली आहे, आणि आपल्या घशाखाली घास उतरत नाही, असे ते दिवस गेले. माणूस चोरी करून पचवतो, पण आपल्या आईची साक्ष चोरून पचवणं अवघड असतं.

समर्पणाच्या रविवारी सकाळी तो गाडीवर शेवटचं म्हणून गेला. डॉक्टरीणबाईंना त्यानं आधीच सांगितलं होतं. त्या "चांगलं आहे" एवढंच म्हणाल्या होत्या आणि बाटल्या पुसत राहिल्या होत्या. बोम्मसंद्र्याचं काम आटोपून त्यानं पेटी आत ठेवली, गाडी चालू केली, तेवढ्यात कोणीतरी गाडीच्या पत्र्यावर धाडधाड मारायला लागलं. अनुसूयाअक्का होती. पदर खांद्यावरून घसरलेला, तोंडानं धड शब्द फुटेना.

"अण्णा, थांब रे! आमची कावेरी... गळं बंद झालंय तिचं. काल स्वल्प ताप होता म्हणून निजवली, आता श्वास घेईना झाली रे!"

घरात अंधार होता. पोरगी खाटेवर होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखालची खोबण आत ओढली जात होती. ओठ जांभळे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी चमच्यानं जीभ दाबली, बॅटरी मारली, आणि एकच शब्द उच्चारला. घटसर्प. घशात पांढरट साय धरली होती.

"पाणी उकळ. चादरीची गुंडाळी कर, मानेखाली," त्या हिंदीत म्हणाल्या. त्यांची हिंदी एरवी धेडगुजरी असे, पण त्या क्षणी एकही शब्द चुकला नाही. रत्नाकरनं स्टोव्ह पेटवला. नंतर तो कावेरीचे खांदे धरून बसला, आणि डॉक्टरीणबाईंनी त्या एवढ्याशा गळ्याला सरळ पुढून चीर दिली. अनुसूयाअक्का दाराशी कुलदैवताचं नाव घेत होती. रत्नाकरही प्रार्थना करत होता, पण त्याच्या प्रार्थनेत शब्दच नव्हते, नुसतं "आता, आता, आता" चाललं होतं. चांदीची नळी आत गेली. फुस्स करून रक्त आणि फेस बाहेर आला, आणि मग हवा. पोरीच्या ओठांना रंग येऊ लागला, तेव्हा रत्नाकरनं तिच्या खांद्यांवरची पकड सैल केली.

पण संकट टळलं नव्हतं. नळीनं वाट करून दिली, विष अंगात होतंच. त्यावरचं सीरम बर्फात ठेवावं लागतं, म्हणून ते गाडीत नसे, शहरातल्या दवाखान्यात असे. आणि पोरीला हलवायची सोय नव्हती. घटसर्पात हृदय दमतं, त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत गाडीतच थांबलं असतं. नळी दर थोड्या वेळानं साफ करायला डॉक्टरीणबाईंना तिथंच बसणं भाग होतं.

"सीरम आण," त्या म्हणाल्या. "जितका उशीर, तितकं वाईट." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "तुझी उपासना चारला आहे ना?"

"हो."

"दवाखान्यात कोणी असेल तर त्याच्याकडे दे गाडी."

रविवारी दुपारी दवाखान्यात गाडी चालवणारं कोणी नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

होसूर रस्त्यावर त्यानं त्या म्हाताऱ्या गाडीला कधी पळवलं नव्हतं इतकं पळवलं. बैलगाड्या, शेळ्या, एका लग्नाचं वाजत जाणारं वऱ्हाड, सगळ्यांच्या शिव्या खात तो शहरात पोचला. दवाखान्यात बर्फाच्या कपाटाची किल्ली मेट्रनकडे, आणि मेट्रन जेवायला घरी गेलेली. तिला आणायला माणूस धावला. रत्नाकर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. किल्ली आली, थर्मासमध्ये बर्फ भरला, वर सीरमची बाटली बसवली, आणि तो गाडीत चढला तेव्हा चर्चची घंटा वाजायला लागली.

होसूर रस्त्याला लागायचं तर चर्चपुढूनच जावं लागे. वळण घेतलं आणि समोर ते दिसलं. फाटकाशी टांगा थांबला होता. प्रतिमा कस्तुराबाईला हाताला धरून उतरवत होती. आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं, ठेवणीतलं, कडक इस्त्रीचं. केसांना तेल लावलं होतं. देठे पाळक पायऱ्यांवर उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

थोड्याच वेळाचं तर काम आहे, रत्नाकरच्या मनात आलं. आत जायचं, गुडघे टेकायचे, आईचा हात डोक्यावर घ्यायचा, आणि निघायचं. ही म्हातारी जन्मभर या घटकेची वाट बघत आली आहे. शिवाय हे देवाचंच काम. देव एवढा वेळ पोरीला सांभाळणार नाही का? हे इतकं पटण्यासारखं होतं, की त्याचा पाय ब्रेकवर गेलासुद्धा. गाडी मंदावली. प्रतिमानं मान वर केली आणि त्यांची नजरानजर झाली. आठवड्यात पहिल्यांदाच तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिनं हात केला नाही, थांबा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बाजूच्या सीटवर थर्मासमधला बर्फ खुळखुळला. रत्नाकरनं निर्णय वगैरे काही घेतला नाही. त्यानं ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी पुढं गेली. पुढं गेल्यावर मात्र तो स्टिअरिंग धरून लहान मुलासारखा रडला.

कावेरीला इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाई पहिल्यांदा भिंतीला टेकून बसल्या आणि अक्कानं दिलेली कॉफी प्यायल्या. रत्नाकर घरी आला. कस्तुराबाई पलंगावर बसली होती. लुगडं अजून तेच होतं.

"एका पोरीला घटसर्प झाला होता, आई. मी..."

"प्रतिमानं सांगितलं. दवाखान्यातनं माणूस आला व्हता." मग तिनं लुगड्याची घडी मांडीवर सारखी केली. "गाडी चर्चपुढनं गेली. मला काय ऐकू येत नाही व्हय? दर रविवारी दारात उभी असती ती, तिचा खोकला मी वळखते. स्वल्प थांबल्यासारखी झाली. मला वाटलं, आला. मग गेली." कानडी शेजारणींकडून उचललेला तो 'स्वल्प' तिच्या तोंडी एरवी त्याला गंमतीचा वाटायचा. आज त्याला मान वर करवली नाही.

संध्याकाळी देठे पाळक आले. रत्नाकर बोलणी खायच्या तयारीनं बसला होता, पण पाळक फारच समजूतदार निघाले. झालं ते सगळं मंडळीला सांगितलं आहे, म्हणाले, आणि मंडळी उलट भारावून गेली आहे. येत्या रविवारी पुन्हा समर्पण ठेवू. साक्ष तीच सांगायची, शिवाय हे पोरीचं सांगायचं. "कारखान्यात हाक आली आणि बोम्मसंद्र्याला परीक्षा झाली. यापेक्षा मोठी साक्ष कुठली?" कस्तुराबाईचा चेहरा उजळला. रुसवा त्या घटकेला संपला. रत्नाकर मात्र उठून खिडकीशी गेला. आता खोट्याला खऱ्याचं ठिगळ लागलं होतं, आणि ते इतकं बेमालूम बसलं होतं की कुणाला कधी कळलं नसतं.

रविवार आला. चर्च भरलं होतं. दुसऱ्या मंडळ्यांतली माणसंही आली होती. मागच्या बाकावर डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना मराठी कळत नसतानाही. पहिल्या बाकावर कस्तुराबाई, काठीवर दोन्ही हात ठेवून, कान पुढं करून. देठ्यांनी नाव पुकारलं. रत्नाकर पुढं गेला, पण गुडघे टेकले नाहीत. तो मंडळीकडे तोंड करून उभा राहिला.

"मला आवाज आला नाही," तो म्हणाला.

पंखा नव्हता, वारा नव्हता. कोणीतरी खोकलं.

"कमिटीपुढं मी खोटं बोललो. कारखान्यात हातोडेच वाजत होते. मला कधीच, कुठंच आवाज आला नाही. त्या रविवारी पण नाही. मी माझ्या आईची साक्ष घेतली आणि माझी म्हणून सांगितली. आईची खरी आहे, माझी खोटी आहे. देवानं मला क्षमा करावी, आणि तुम्ही पण."

देठे पाळकांच्या तोंडात कोणी मारल्यासारखं झालं. ते काही म्हणायच्या आत पहिल्या बाकावर काठी आपटली. कस्तुराबाई उठली. कोणाचा हात न धरता, बाकांना चाचपडत, मधल्या वाटेनं ती सरळ दाराकडे चालत गेली. तिच्या काठीचा आवाज पायऱ्यांवरून खाली जाईपर्यंत आत कोणी हललं नाही.

रत्नाकर तिच्या मागं धावला. ती फाटकाबाहेर पोचली होती, रस्त्यावर सायकली आणि टांगे चालले होते, आणि ही त्यांच्यात घुसायच्या बेतात. त्यानं दंड धरला, तिनं झिडकारला.

"आई, थांब. माझं चुकलं. मी खोटं बोललो..."

"खोटं बोललास म्हणून न्हाई उठले मी!" तिचा आवाज चिरकला. "खरं बोललास म्हणून उठले. कुणी सांगितलं व्हतं तुला? एवढ्या लोकांत, एवढं धडधडीत? मी बसले न्हाई का गप्प? जलमभर बसले न्हाई?"

रत्नाकरला आधी काही कळलं नाही.

"त्या विहिरीवर कुणी नव्हतं," कस्तुराबाई म्हणाली. आता ती हळू बोलत होती, आणि रस्त्याकडे तोंड करून, मुलाला नव्हे तर समोरच्या सावल्यांना सांगावं तसं. "मी न् पोहरा. तुझा बाप गेला, पदरात तू. मिशनच्या मडमनं इचारलं, बायबलबाई होतीस का? पर साक्ष पायजे म्हणाली. शेजारच्या गावची एक बाई विहिरीचं सांगायची. तिच्यात दुपार व्हती. मी पहाट केली."

"मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं काय? गावोगाव चालले. बायका बोलायच्या, मी ऐकायचे. कुणाचं बाळंतपण केलं, कुणाच्या सासूला समजावलं, कुणाच्या मेल्या लेकरासाठी संगती रडले. आज येईल आवाज, उद्या येईल, म्हणून मी बी कान लावून व्हते. मग कामात इसरून गेले." तिनं पदरानं नाक पुसलं. "तू माझी खरी म्हणालास, तवा मला तिथं बसवंना."

आत कोणीतरी पायपेटीवर भजन सुरू केलं होतं, बहुधा देठ्यांनी सांगून, वेळ निभावून नेण्यासाठी. रत्नाकरला आईला जवळ घ्यावंसं वाटत होतं, आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटत होतं. कान लावून घालवलेली सगळी वर्षं तिच्याकडून परत मागावीशी वाटत होती. पण तिच्याकडे पाहिलं आणि राग टिकला नाही. ती फार घाबरलेली होती.

"नवस मात्र खरा व्हता," ती म्हणाली. "त्यात इहीर नव्हती. तू जगावास म्हणून मी त्याला शब्द दिला, ह्याला पाळक करीन. तू जगलास, पाळक काही झाला न्हाईस. आता वर गेले, न् त्यानं इचारलं, कस्तुरा, पोरगा कुठाय माझा, तर काय सांगू मी?"

हा प्रश्न ती थट्टेनं विचारत नव्हती. त्या भीतीनंच ती रोज चहाच्या वेळी विचारत आली होती, हे रत्नाकरला त्या फाटकाबाहेर पहिल्यांदा समजलं.

"बोम्मसंद्र्याला आहे म्हणून सांग," तो म्हणाला.

कस्तुराबाईनं मान त्याच्याकडे वळवली.

"रविवारचा?"

कारखाना त्याच्या डोळ्यांसमोर आला, क्वार्टर आलं, अंगणातलं झाड आलं.

"रोज," तो म्हणाला.

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि त्याचा दंड चाचपून घट्ट धरला. "मग मागं बघ," ती म्हणाली. "प्रतिमा आलीय मघापासनं. तिला सांग आधी."

प्रतिमा फाटकाशी उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. "ऐकलं मी," ती म्हणाली. "आधी टांगा थांबवा. आईंना ऊन लागतंय."